नसलेल्या विमानाचे पावणेतीन तास

आमच्या घरमालकांबद्दल उस्मानपुऱ्यात जे बोललं जातं, ते आधी खोडून काढते. ते वेडे नव्हते. भांडकुदळ होते, हे खरं. त्यांच्याशी भांडण झालं नाही असा रिक्षावाला, दूधवाला किंवा जावई त्या गल्लीत सापडणार नाही. पण त्यांची सगळी भांडणं एकाच विषयावर असायची, आणि त्या विषयावर ते बरोबर होते. आयुष्यभर एकाच विषयावर बरोबर असणाऱ्या माणसाला आपल्याकडे सर्किट म्हणतात. म्हणोत.

विषय होता अंतर. एका घरापासून दुसरं घर किती लांब आहे आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो, एवढाच.

मी पिशोरची. शेतकऱ्याची धाकटी मुलगी. शहरात एका संघटनेचं काम करायचे, तिची पत्रकं लिहायचे, ती चौकात उभी राहून वाटायचे. अशा मुलीला खोली द्यायला लोक तयार नसतात. मोर्चा घरी आला तर काय घ्या. या घरमालकांकडे, म्हणजे सरांकडे, खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचंही विचारलं नाही.

"घरातून कधी निघालात?"

"म्हणजे?"

"उंबऱ्याबाहेर पाय कधी टाकला?"

"सकाळी सातला. पिशोरहून आले."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे पिशोर पाच तास लांब आहे."

"सर, साठ-पासष्ट किलोमीटर तर आहे."

"ते एसटीला विचारीन. मी तुम्हाला विचारलं."

मग त्यांनी पाणी दिलं आणि खोलीची किल्लीही.

ते शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचे जुने विद्यार्थी साठीला आले, तरी त्यांच्यासमोर पट्टी काढत नसत. नकाशावर दोन गावांमधलं अंतर काढायला सर ओला दोरा द्यायचे. तो रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून बोटानं दाबत न्यायचा आणि मग सरळ करून मोजायचा. ज्यानं पट्टी ठेवून उत्तर काढलं त्याला शून्य. तपासणीला आलेल्या साहेबांनी म्हणे विचारलं होतं, पुस्तकात तर पट्टीच सांगितली आहे. सर म्हणाले, "पुस्तक घरी जात नाही. पोरं जातात." त्यांची त्या वर्षाची वेतनवाढ अडकली. ती अडकली याचं त्यांना दुःख नव्हतं. पुस्तकात पट्टी तशीच राहिली याचं होतं.

शहरात एका बिल्डरनं मोठा फलक लावला होता, 'विमानतळापासून फक्त दहा मिनिटांवर'. आपण सगळे असे फलक रोज वाचतो आणि पुढं जातो. सर त्याच्या कार्यालयात गेले. टाय लावलेल्या मुलाला म्हणाले, "मला दहा मिनिटांत न्या." मुलानं हसून गाडी काढली. गिऱ्हाईक समजला बिचारा. गाडी सिडकोच्या चौकात अडकली तेव्हा सरांनी विचारलं, "झाली का दहा मिनिटं?"

"झाली सर, पण आज ट्रॅफिक…"

"आपण कुठं आहोत?"

"सिडको चौकात."

"मग घरं इथं बांधा," असं म्हणून सर खाली उतरले आणि शहर बसनं घरी आले.

दर आठ-पंधरा दिवसांनी ते चिकलठाण्याला विमानतळाच्या फाटकाबाहेर छत्री टेकून उभे राहायचे. बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला विचारायचे, घरातून कधी निघालात. बहुतेक लोक बॅग घट्ट धरून पुढं सटकायचे. एकदोघं थांबायचे आणि मग अर्धा अर्धा तास बोलत राहायचे. कारण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसायचा. घेऊन जायला आलेले लोकसुद्धा 'विमान वेळेवर होतं का' एवढंच विचारतात. फाटकावरचा जवान सरांना हटकायचा. सर म्हणायचे, "विमान कुठं उतरतं ते तुम्ही बघा. माणूस कुठं उतरतो ते मी बघतो." शहराचं नाव बदललं तेव्हा गल्लीत केवढे वाद झाले. दोन्हीकडची मंडळी सरांचं मत विचारायला आली. "तिकिटावर काय लिहायचं ते लिहा," सर म्हणाले, "मुंबई तेवढीच लांब राहणार." दोन्हीकडच्यांना राग आला.

हे खूळ त्यांना कशामुळं लागलं, यावर गल्लीत तीन-चार कहाण्या आहेत. कुणी त्यांच्या बायकोचं आजारपण सांगतं, कुणी भावाचं. मी कधी विचारलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला आधी काहीतरी जखम झालेली असलीच पाहिजे, हा कुठला नियम?

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, गुवाहाटीत नोकरी लागली. चहाच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. ती शेतीचं शिकलेली, हुशार. पण भावकीनं गुवाहाटी हे नाव ऐकूनच तोंड वाकडं केलं. पोरगी एवढ्या लांब कशाला? आमचे वडील, अण्णा, लोकांच्या बोलण्यावर निर्णय घेणारे नव्हते. ते सरळ माझ्या खोलीवर आले. बसले, टोपी मांडीवर ठेवली, म्हणाले, "किती लांब हाय ते सांग."

मी मोबाइलवर शोधलं. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी पानं असतात, तसलं एक उघडलं. "अठराशे किलोमीटर, अण्णा. पावणेतीन तास."

"पावणेतीन?" अण्णांचा चेहरा खुलला. "म्हंजी पुण्याहून जवळच म्हण की."

सर जिन्यात होते. ते आत आले आणि माझ्या समोर उभे राहिले.

"कुठल्या विमानानं?"

"सर, इथं दिलंय…"

"विमान किती वाजता सुटतं? इथून, चिकलठाण्याहून?"

मी पुन्हा शोधलं. असं विमान नव्हतंच. त्या पानानं दोन शहरांमध्ये एक सरळ रेघ ओढली होती, तिला विमानाच्या वेगानं भागलं होतं आणि आलेला आकडा ऐटीत छापला होता.

"नसलेल्या विमानाचा वेळ बापाला सांगताय, पत्रकबाई," सर म्हणाले. ते मला पत्रकबाईच म्हणायचे. "हे कुठं छापू नका."

मग ते अण्णांच्या शेजारी सतरंजीवर बसले. गावातून शहर, शहरातून मुंबई, मुंबईत विमान बदलायचं, बहुतेक वेळा रात्र तिथंच काढायची, मग तिकडचं विमान, तिकडून पुन्हा गाडी. काहीही कमी केलं नाही. अण्णा ऐकत राहिले.

"म्हंजी एक रात मधी हाय," शेवटी अण्णा म्हणाले.

"एक रात्र मध्ये आहे. काही अडलं तर दोन."

"मंग असं सांगा ना मास्तर. तास म्हणलं की मला काय समजतंय? लासूरच्या बाजाराला बैल घेऊन जायचो तव्हा बी रात मधी असायची." ते उठले, टोपी घातली. "जाऊ द्या तिला. पर हे घरात सांगून ठिवतो."

अण्णांनी आईला सांगितलं. भावकीला सांगायची गरज कुणाला वाटली नाही. ताई गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी, चैत्रात, भल्या सकाळी आईचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते.

फोनवरचं माझं बोलणं खाली ऐकू गेलं असावं. मी खाली आले तेव्हा सर टोपी घालून, छत्री घेऊन दारात उभे होते. जीपही सांगून ठेवली होती.

"सर, तुम्ही कशाला?"

"त्यांनी मला अंतर विचारलं होतं," सर म्हणाले. आणि जीपमध्ये बसले.

वाटेत ताईचा फोन आला. दुपारच्या विमानात जागा मिळाली होती. संध्याकाळी मुंबई. मुंबईहून इकडं येणारं पहिलं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. पिशोरला पोचायला दहा तरी वाजतील. ती रडत नव्हती. प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवावेत तसं तिनं सगळं सांगितलं. आणि मग म्हणाली, "थांबवशील ना गं? मला तोंड बघायचंय."

मी हो म्हणाले. शेजारी सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं होतं.

घरासमोर लिंबाखाली माणसं जमलेली. धाकट्या काकांनी सूत्रं हातात घेतली होती. मला बघून म्हणाले, "आलीस, बरं झालं. दोनला उचलायचं. ऊन बघतीस ना कसं हाय."

"ताई येतेय, काका."

"कव्हा?"

मी तोंड उघडायच्या आत काकांचा मुलगा मोबाइल घेऊन पुढं आला. अण्णांना मुलगा नव्हता, म्हणून आम्हा बहिणींच्या वाट्याचं मडकं भावकीनं त्याच्या हाती द्यायचं ठरवलं होतं, म्हणजे अण्णांना अग्नी द्यायचा मान त्याचा. "मी बगितलंय आबा. गुवाहाटी ते संभाजीनगर पावणेतीन तास. हे बघा, लिवलंय. सकाळीच फोन गेलाय तिला. निघायचं असंल तर दुपारपस्तोर येईल. नाय आली तर समजायचं, नोकरी सुटत नाय तिला."

चारचौघांनी माना हलवल्या. पावणेतीन तास. पोरीला तेवढेही जमत नाहीत.

माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं. कुठलं विमान? कुणी बघितलं? मी श्वास घेतला आणि तेवढ्यात सरांनी छत्रीची मूठ माझ्या दंडात रुतवली.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "पावणेतीनच तास."

ज्या माणसानं पट्टी लावणाऱ्या पोरांना शून्य दिलं, तो माणूस हे म्हणत होता.

"फक्त सकाळच्या विमानात जागा नव्हती," सर काकांना म्हणाले. अगदी शांतपणे, शाळेत हजेरी घेतात तसं. "दुपारचं मिळालं. तीन-साडेतीनला चिकलठाण्याला उतरेल. गाडी तयार आहे. साडेपाचला पोरगी दारात. चैत्राचा दिवस, उजेड भरपूर असतो. अन् पोरगी वाटेत असताना बाप उचलला तर तिला कोण बोलणार नाही, मालक. तुम्हाला बोलतील. घरात आता मोठे तुम्ही."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. मोठे हा शब्द त्यांना आवडला असावा. "साडेपाच. त्याच्यावर थांबणार नाय म्या, मास्तर."

"थांबू नका."

सरांच्या मनात काय होतं ते मला दुपारी कळलं. सरांनी जीपवाल्याला बाजूला घेतलं आणि कन्नडला पाठवलं. तो बर्फाच्या लाद्या घेऊन आला. एका पोरीच्या साडेपाचच्या येण्यासाठी जेवढा लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ होता तो. आमच्याकडे दिवस मावळल्यावर मैत उचलत नाहीत. मावळला की मग सकाळच. सरांना दहापर्यंत थांबवायचं नव्हतं. त्यांना फक्त सूर्य मावळेपर्यंत थांबवायचं होतं.

"येवढा बर्फ कामून?" काकांनी विचारलं.

"ऊन आहे," सर म्हणाले.

आणि मग तो माणूस ती सगळी दुपार खोटं बोलला. कुणी सहज थाप मारावी तसा नाही. आयुष्यभर त्यांनी रस्ते मोजले होते, ते सगळे त्या दिवशी कामी आले. साडेतीनला म्हणाले, उतरली. पण सामान यायला वेळ लागतो, पट्ट्याजवळ उभी आहे. चारला म्हणाले, गाडीत बसली, हर्सूलच्या चढाला ट्रक बंद पडलाय. पाचला गाडी फुलंब्रीच्या बाजारात अडकली, कारण आज तिथं गर्दी असतेच, आणि ते खरंच होतं, असते. कुणी शंका काढली की जीपवाला अंगणाच्या कडेवरून साथ द्यायचा, "हौ ना भाई, फुलंब्री के आगे रस्ता पूरा खोदके रख्खे. टाइम लगताच." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. कन्नडहून बर्फ आणताना त्यानंच जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

साडेपाच वाजले. सहा वाजले. काकांनी दोनदा उठून रस्त्यापर्यंत चक्कर मारली. "फोन लावा तिला."

"रेंज नाही त्या पट्ट्यात," सर म्हणाले. त्या पट्ट्यात रेंज नाही, हेही खरं होतं.

डोंगरावरचा उजेड तांबडा झाला, मग राखेसारखा. काका तिसऱ्यांदा परत आले ते सरळ सरांच्या समोर.

"मास्तर, गाडी कुठाय?"

सरांनी मान वर करून आभाळ बघितलं. घाई केली नाही. मग छत्री टेकून उठले.

"गाडी नाही," ते म्हणाले. "विमानही नाही. तुमच्या मुलाच्या मोबाइलवर आहे ते विमान कुठूनच सुटत नाही. पोरगी आत्ता मुंबईला उतरत असेल. उद्या सकाळी दहाला येईल."

काकांचा मुलगा पुढं झाला. "ये म्हाताऱ्या, आम्हाला उल्लू बनवतो व्हय?"

"तू थांब," काकांनी त्याला मागं सारलं. "मौतीच्या घरात खोटं बोलला तुम्ही."

"बोललो."

"पिकल्या केसाचा माणूस. मास्तर. लाज नाय वाटली?"

"वाटली. ती माझी मी बघेन. सकाळी खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोनला उचललं असतं. आता दिवस मावळलाय. उचलायचं असेल तर उचला."

काकांनी आजूबाजूला बघितलं. गावातली चार जुनी माणसं खाली बघत होती. दिवस मावळल्यावर तिरडीला हात लावायला कुणी पुढं येणार नव्हतं, आणि काकाही लावणार नव्हते. तरी ते मागं हटायला तयार नव्हते. "ह्या घरात पुन्हा…" असं काहीतरी ते सुरू करत होते, तेव्हा आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. माणसं जमल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"भावजी, मास्तरला कामून बोलता?" ती म्हणाली. "पोरगी सकाळी माझ्याशी बोललीय. उद्याच येती, मला म्हायती व्हतं."

"मंग वैनी, तुमी दिवसभर गप?"

"गपच. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुमी?"

आई आत गेली आणि बर्फाखालचं पाणी काढायला लागली. मी परात धरली.

काकांनी सरांवरचा राग मात्र सोडला नाही. सकाळी माझ्या भावाच्या मैतीला हा माणूस दिसता कामा नये, असं त्यांनी चारचौघांत बजावलं. मी भांडायला उठले तर सर म्हणाले, "पत्रकबाई, एक काम झालं की दुसरं उकरू नका." पहाटेच्या पहिल्या एसटीनं ते गेले. ताईला त्यांनी बघितलं नाही, ताईनं त्यांना बघितलं नाही. मडकं आम्ही दोघी बहिणींनी धरलं. त्यावर वेगळा तंटा झाला, तो इथं सांगत नाही. त्याचं पत्रक मी वेगळं लिहिलं आहे.

काकांनी ती गोष्ट कन्नडपर्यंत पोचवली, आणि कन्नडहून ती उस्मानपुऱ्यात आली. मग गल्लीतल्या शहाण्यांना हत्यार मिळालं. सर पानाच्या टपरीवरून जाताना कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "काय सर, गुवाहाटीला पावणेतीन तास ना?" सर थांबायचे, त्याच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "हो. तेवढेच." आणि चालू लागायचे. एकदाही कुणाला कारण सांगितलं नाही. मी सांगू का म्हटलं तर म्हणाले, "नको. मग मी खोटं बोललोच नाही असं म्हणतील लोक. मी बोललोय."

सर गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या सभागृहात शोकसभा घेतली. भाषणं झाली, ओल्या दोऱ्याच्या आठवणी निघाल्या, लोक हसले. मग एक सद्गृहस्थ उठले. सरांचेच विद्यार्थी, आता शहरातलं मोठं प्रस्थ. त्यांनी गळा साफ केला आणि म्हणाले की सर सत्याचे पुजारी होते, एक गालबोट सोडलं तर. पिशोरच्या त्या प्रसंगी त्यांनी मोहाला बळी पडायला नको होतं. पण माणूस म्हटलं की चूक होतेच, आपण मोठ्या मनानं ती पोटात घालू.

सभागृहात माना हलल्या. सरांच्या फोटोसमोर बसून ही माणसं त्यांना माफ करत होती.

मी उठले. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ध्वनिक्षेपक त्या गृहस्थांच्या हातातच होता, तो मी मागितला नाही, मला चौकात बोलायची सवय आहे.

"तुमची माफी इथंच ठेवा, घरी नेऊ नका," मी म्हणाले. "ती चूक नव्हती. मी त्या अंगणात होते. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला माझी बहीण जीपमधून उतरली, तेव्हा अण्णा घरात होते."